डोक्यातले साचे आणि नवी माहिती: स्कीमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात मानसशास्त्र शिकवते आणि शाळांमध्ये पालक-शिक्षकांसमोर बोलते. स्कीमा या विषयावर बोलून आले की पुढे बरेच दिवस प्रश्न येत राहतात. पालकांचे असतात, बी.एड. करणाऱ्यांचे असतात, नीटची तयारी करणाऱ्या मुलांचे असतात, हल्ली आजी-आजोबांचेही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. कुठूनही वाचा, दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

माझं एक म्हणणं बहुतेक उत्तरांत येईल, ते आधीच सांगते. नवी माहिती डोक्यात शिरते ती आधीच्या माहितीचा हात धरून. म्हणून शिकवण्याआधी, समजावण्याआधी, एखादा समज खोडून काढण्याआधी समोरच्याच्या डोक्यात आज काय आहे ते विचारून घ्यायला हवं. आपल्याकडे घरात आणि वर्गात हे फारच कमी विचारलं जातं.

१. स्कीमा म्हणजे नेमकं काय? पुस्तकी व्याख्या नको.

एखाद्या वस्तूबद्दल, प्रसंगाबद्दल किंवा माणसांबद्दल डोक्यात तयार असलेली जुळणी म्हणजे स्कीमा. त्यात काय काय असतं, कशानंतर काय येतं, हे साधारण ठरलेलं असतं आणि काही जागा रिकाम्या असतात. कोणी म्हणालं, ‘सकाळी चौकात पोहे खाल्ले’, तर नागपूरचा माणूस न सांगता हातगाडी, चण्याची लालभडक तर्री आणि उभ्याउभ्या खाणं धरून चालतो. पुण्याचा माणूस तेच वाक्य ऐकून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड धरतो. सांगितलं एवढंसं, बाकीचं दोघांनी आपापल्या डोक्यातून भरलं. आपण काही भरलं हे दोघांनाही कळलं नाही, आणि स्कीमाची ताकद तिथेच आहे. त्याचा धोकाही तिथेच आहे (प्रश्न ८).

संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९७० च्या दशकात यंत्राला ‘समज’ कशी द्यायची याचा विचार करताना जवळपास हीच रचना मांडली: वेगळं काही कळेपर्यंत रिकाम्या जागी नेहमीचं उत्तर धरून चालायचं.

२. मग आठवण आणि स्कीमा यांत फरक काय?

आठवण एका प्रसंगाची असते: त्या रविवारी फुटाळा तलावावर पाऊस आला आणि आपण भिजलो. स्कीमा अनेक प्रसंगांतून तयार होतो: फुटाळ्यावर गेलं की साधारण काय काय होतं. घटनांचा क्रम सांगणाऱ्या स्कीमाला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. रॉजर शँक आणि रॉबर्ट एबलसन यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडताना उपाहारगृहाचं उदाहरण घेतलं होतं: आत जाणं, बसणं, मागवणं, खाणं, पैसे देणं. ‘आम्ही सावजीत जेवलो’ एवढं ऐकून कोणी ‘मग पैसे दिले का?’ असं विचारत नाही, ते या स्क्रिप्टमुळे.

३. ही कल्पना पियाजेचीच ना?

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांची एकट्याची नाही. तत्त्वज्ञ कांट यांनी हा शब्द १८ व्या शतकात वापरला होता. मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी शरीराच्या स्थितीची जाणीव समजावताना तो घेतला आणि त्यांच्याकडून तो केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांच्याकडे आला. बार्टलेट यांचं काम १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना दिली आणि वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा लिहायला लावली. कथा लहान होत गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती इंग्रजी होत गेली. तिथल्या खास होडीची साधी नाव झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, भुतांचा न कळणारा भाग गळून पडला. आठवणं म्हणजे साठवलेलं बाहेर काढणं नव्हे, आठवताना माणूस ती गोष्ट पुन्हा बांधतो, असं बार्टलेट म्हणाले. १९९९ मध्ये बर्गमन आणि रोडिगर यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही असेच बदल दिसले.

पियाजे (१८९६ ते १९८०) यांनी वेगळा प्रश्न घेतला: ही जुळणी लहान मुलात तयार कशी होते आणि बदलते कशी? त्यासाठी त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं.

४. सात्मीकरण आणि समायोजन यांत माझा दर वेळी गोंधळ होतो. बी.एड.च्या पेपरला हमखास येतं.

तान्ह्या पोळ्याचं उदाहरण घ्या. अडीच वर्षांच्या मुलाला बैल माहीत आहे: लाकडाचा, रंगवलेला, पायाला चाकं असलेला, दोरीने ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करायचा. मग ते गावाला जातं आणि गोठ्यात खरा बैल पाहतं. शिंगं दिसतात, पाठीचं वशिंड दिसतं, मूल ओरडतं, ‘बैल!’ नवी वस्तू जुन्या साच्यात बसली. हे सात्मीकरण. मग ते खाली वाकून चाकं शोधतं. चाकं नाहीत, आणि हा बैल कडबा खातो, शेपटीने माश्या हाकलतो. आता साच्यालाच बदलावं लागतं: बैल हा जिवंत प्राणी असतो आणि पोळ्याचा बैल त्याच्यासारखा केलेला असतो. हे समायोजन.

परीक्षेत बहुतेक जण इथे एक चूक करतात. आधी सात्मीकरण, मग समायोजन, अशा दोन पायऱ्या लिहितात. पियाजेंच्या मते दोन्ही प्रत्येक कृतीत एकत्रच असतात, प्रमाण तेवढं बदलतं. काठीला घोडा म्हणून खेळणाऱ्या मुलात सात्मीकरणाचा जोर असतो, कारण काठीला त्याच्या मनाप्रमाणे घोडा व्हावं लागतं. आजोबांच्या चालण्याची नक्कल करणाऱ्या मुलात समायोजनाचा जोर असतो, कारण तिथे मूल स्वतः बदलतं. दोन्हींतला तोल बिघडला की मूल अस्वस्थ होतं आणि नवा तोल साधेपर्यंत धडपडतं. त्या धडपडीला समतोलन म्हणतात. चाकं शोधणाऱ्या मुलाला ‘अरे वेड्या, खऱ्या बैलाला चाकं असतात का!’ म्हणून हसू नका. तो क्षण शिकण्याचा आहे.

५. मोठ्यांचंही असंच होतं का? की एवढं मोठं स्थित्यंतर बालपणातच?

मोठ्यांचंही होतं. डेव्हिड रुमेलहार्ट आणि डोनाल्ड नॉर्मन यांनी १९७८ मध्ये बदलाचे तीन प्रकार सांगितले, ते मला मोठ्यांसाठी जास्त उपयोगी वाटतात. बाहेरून बदली होऊन आलेल्या माणसाची संत्र्यांची खरेदी पाहा. कुठल्या बाजारात, कोणाकडे, काय भाव, ही माहिती त्याच्या डोक्यात साठत जाते. साचा तोच राहतो, तपशील वाढतात. हा पहिला प्रकार आणि रोजचं बहुतेक शिकणं याच प्रकारचं असतं. काही दिवसांनी कळतं की हिरवट सालीचं फळही आत गोड असू शकतं, नुसत्या रंगावर जाऊ नये, हातात घेऊन वजन पाहावं. साचा तोच, पण त्याच्या खुणा दुरुस्त झाल्या. हा दुसरा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा बाजार संत्र्यांनी भरतो आणि त्याच्या ‘संत्री म्हणजे दिवाळीच्या आगेमागे’ या समजात हे बसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार आणि जून-जुलैत फुलणारा मृग बहार असे झाडाचे दोन बहार असतात, हे कळल्यावर सगळी मांडणीच नव्याने होते. हा तिसरा प्रकार. तो क्वचित घडतो आणि डोक्याला त्रास देतो.

६. शब्द सगळे समजतात, मग धडा काऊन समजत नाही?

हा उतारा वाचा:

‘वर्षभर ते बाजूलाच पडलेलं असतं. दिवस जवळ आले की खाली उतरवावं लागतं, एकट्याने जमत नाही. आधी जुनं काढून टाकायचं, मग नवं भरायचं, तिन्ही बाजूंनी सारखं. एक बाजू बाहेर असलेली बरी. सुरुवातीला वास येतो, नंतर जातो. एकदा सुरू झालं की रोज भरणं आलं आणि आज कोणाची पाळी यावरून घरात भांडणं होतात.’

आता शीर्षक देते: कूलर. पुन्हा वाचा. एकही शब्द बदलला नाही, पण प्रत्येक वाक्याला जागा मिळाली.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याबद्दलचा असाच एक उतारा लोकांना ऐकवला. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना तो नीट समजला आणि बऱ्यापैकी आठवला. ज्यांना सांगितलाच नाही त्यांना जमलं नाही. आणि ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांनाही फारसा फायदा झाला नाही. शिक्षकांनी हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. ‘आज आपण काय पाहिलं’ हे तासाच्या शेवटी सांगण्याची आपल्याला सवय आहे. ‘आज आपण कशाबद्दल बोलणार आहोत आणि ते तुमच्या माहितीतल्या कशाशी जोडलेलं आहे’ हे सुरुवातीला सांगणं जास्त कामाचं आहे.

मूल ‘समजत नाही’ म्हणतं तेव्हा दोन शक्यता असतात: योग्य साचा त्याच्याकडे नाही, किंवा आहे पण जागा झालेला नाही. वरच्या उताऱ्यात तुमचं दुसरं झालं होतं. अमेरिकेतल्या बर्फाळ गावातल्या माणसाला शीर्षक दिलं तरी उपयोग नाही, त्याचं पहिलं आहे. दोन्हींवर उपाय वेगळे. दुसऱ्यात एक शब्द पुरतो, पहिल्यात आधी अनुभव द्यावा लागतो.

७. पण मला कधीकधी नंतर संदर्भ कळला तरी जुन्या गोष्टी आठवतात. हे प्रश्न ६ च्या विरुद्ध नाही का?

चांगली शंका आहे, आणि विरोध वरवरचा आहे. रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट यांनी १९७८ मध्ये एका घराचं वर्णन असलेली गोष्ट लोकांना वाचायला दिली. काहींनी ती चोराच्या नजरेने वाचायची होती, काहींनी घर विकत घेणाऱ्याच्या. आठवेल ते लिहून झाल्यावर त्यांना नजर बदलायला सांगितलं. तेव्हा आधी न आठवलेले काही तपशील आठवले. गिऱ्हाईक चोर झाल्यावर मौल्यवान वस्तू, चोर गिऱ्हाईक झाल्यावर गळकं छप्पर. ही गोष्ट वाचतानाच समजली होती, म्हणून तपशील आत गेले होते. नव्या नजरेने ते शोधायला मदत केली. कपड्यांच्या उताऱ्यात समजच नव्हती, त्यामुळे आत फारसं गेलंच नव्हतं.

८. मला एखादी गोष्ट स्पष्ट आठवते आणि घरचे म्हणतात तसं घडलंच नाही. मी खोटं बोलतेय का?

नाही. विल्यम ब्रूअर आणि जेम्स ट्रेयन्स यांनी १९८१ मध्ये लोकांना एका विद्यार्थी-संशोधकाच्या खोलीत ३५ सेकंद थांबवलं आणि नंतर दुसरीकडे नेऊन अचानक विचारलं, त्या खोलीत काय होतं? टेबल-खुर्ची जवळजवळ सगळ्यांनी सांगितली. काहींनी पुस्तकंही सांगितली. खोलीत पुस्तकं नव्हती. अशा खोलीत पुस्तकं असतात, म्हणून आठवणीने ती ठेवून दिली.

घरातल्या वादांत हे फार होतं. ‘तू लग्नात अमुक म्हणाली होतीस’ असं सांगणाऱ्याच्या डोक्यात त्या माणसाचा एक साचा असतो आणि त्या साच्याला शोभेल असं वाक्य आठवणीत तयार होतं. सांगणारा प्रामाणिक असतो. म्हणून खात्रीने सांगितलं म्हणजे खरं, हा निकष इथे चालत नाही. फोटो, चिठ्ठी, तिसरा माणूस, असं काहीतरी बाहेरचं लागतं.

९. नेहमीचं लक्षात राहतं की विचित्र?

दोन्ही राहतं, वेगवेगळ्या कारणांनी. साच्यात चपखल बसणारं राहतं कारण त्याला तयार जागा असते. साच्याला जोरात धक्का देणारं राहतं कारण लक्ष तिथे खेचलं जातं. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवत नेऊन जाळले जाणारे मोठे पुतळे, पहिल्यांदा पाहणारा माणूस ती मिरवणूक विसरत नाही. हरवतं ते मधलं: ना ओळखीचं, ना धक्का देणारं.

पण एक अपवाद आहे. नजर घाईची असेल तर विचित्र गोष्ट दिसतच नाही. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी १९४९ मध्ये पत्त्यांचे रंग उलटे करून, म्हणजे लाल इस्पिक किंवा काळं बदाम, क्षणभरच दाखवले. बहुतेकांनी ते नेहमीचेच पत्ते म्हणून सांगितले. काहींना तर लाल आणि काळ्याच्या मधला, जांभळट रंग दिसला. पेपर तपासताना तिसऱ्या तासाला शिक्षकाच्या डोळ्यांचं काय होतं, हे यावरून समजावं.

१०. मुलगा ‘पृथ्वी गोल आहे’ म्हणतो, पण माणसं कुठे राहतात विचारलं तर चेंडूच्या आत सपाट जमीन काढून दाखवतो. हे शाळेत शिकवलं का?

शाळेत शिकवलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं, दोन्ही खरं ठेवण्यासाठी त्याने स्वतः तयार केलेला तोडगा आहे तो. मला अशी चित्रं पाहून आनंदच होतो, कारण त्यात मूल विचार करताना दिसतं. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकन शाळांतल्या मुलांची अशीच चित्रं आणि उत्तरं गोळा केली. कोणाची पृथ्वी पोकळ आणि आत माणसं, कोणाची वरून चपटी, कोणाच्या दोन पृथ्व्या: एक आपण राहतो ती सपाट आणि एक आकाशातली गोल. पुढे काही संशोधकांनी आक्षेप घेतला की चित्र काढायला लावून आणि गोंधळवणारे प्रश्न विचारून ही उत्तरं अंशतः ओढून काढली गेली. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून मुलाला एकदा चित्र, एकदा मातीचा गोळा, एकदा नुसत्या गप्पा असं वेगवेगळ्या रीतीने विचारा.

‘चूक, पृथ्वी गोल आहे’ असं सांगून उपयोग नाही. तो गोलच म्हणतोय. अडलेलं दुसरीकडे आहे: ‘खाली’ म्हणजे काय? जोवर खाली म्हणजे पायांखालच्या दिशेला, सगळ्या जगासाठी एकच, असं त्याला वाटतं, तोवर चेंडूवरची माणसं पडणारच. खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, हे हाताने दाखवा. मग चित्र आपोआप बदलेल.

११. नवं नीट शिकलं की जुना चुकीचा समज पुसला जातो ना?

बहुधा नाही. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ वाल्कार्सेल यांनी २०१२ मध्ये विज्ञान शिकलेल्या प्रौढांना वेगवेगळी विधानं दाखवून खरं की खोटं ते पटकन सांगायला लावलं. जिथे बालपणीचा समज आणि विज्ञान एकमेकांच्या विरुद्ध होते, तिथे उत्तर द्यायला वेळ जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या. जुना समज खाली तसाच असतो, नवा त्याला दाबून धरतो. थकवा, घाई, भीती आली की जुना वर येतो. परीक्षेत ‘येत असून चुकलं’ म्हणणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी हे आठवा.

१२. आई उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायला लावते. कितीदा सांगितलं, कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही. ऐकतच नाही.

‘कांद्याने काही होत नाही’ हे वाक्य तिच्या डोक्यात एक जागा रिकामी करतं आणि तिथे काहीच ठेवत नाही. रिकामी जागा टिकत नाही, कांदा परत येतो. हॉलिन जॉन्सन आणि कोलीन सायफर्ट यांनी १९९४ मध्ये हे दाखवलं. लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी तुकड्यातुकड्यांनी दिली. आधी सांगितलं, कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर सांगितलं, ते चूक होतं, कपाट रिकामं होतं. लोकांना दुरुस्ती आठवत होती, तरी एवढा काळा धूर का, असं विचारल्यावर ते रंग आणि सिलिंडरकडेच बोट दाखवत. आगीचं दुसरं कारण दिलं तेव्हा हा प्रभाव कमी झाला.

आईच्या बाजूने पाहा. ज्यांनी कांदा ठेवला त्यांना ऊन लागलं नाही, हे तिने खरोखर पाहिलं आहे. कांदा ठेवणारा माणूस उन्हाला भीत असतो. तो डोक्याला दुपट्टा बांधतो, पाणी पिऊन निघतो, दुपारची कामं सकाळी उरकतो. म्हणून तो वाचतो. हेच तिला सांगा: तू पाहिलंस ते बरोबर, कारण फक्त दुसरं होतं. घामाने शरीर थंड होतं, घामाला पाणी आणि मीठ लागतं, ते संपलं की शरीराचं तापमान चढत जातं. ते ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळायला लागला की त्याला सावलीत नेऊन अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. आता तिच्याकडे कांद्याच्या जागी ठेवायला काहीतरी आहे. कांदा खिशात राहिला तरी राहू द्या, पाण्याची बाटली सोबत गेली म्हणजे झालं.

जॉर्ज पोस्नर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अशा बदलाच्या अटी सांगितल्या होत्या: जुन्याबद्दल असमाधान वाटायला हवं, आणि नवं समजणारं, पटण्यासारखं आणि पुढे उपयोगी पडणारं हवं. आपण पहिल्याच अटीवर सगळा जोर लावतो.

१३. पुरावा दिला की लोक उलट जास्त हट्टाला पेटतात, असं ऐकलं. मग बोलूच नये का?

बोला. ती कल्पना गाजली खूप, पण टॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी २०१९ मध्ये अनेक विषयांवर मोठ्या प्रमाणात तपासली तेव्हा तसा उलटा परिणाम जवळजवळ कुठेच दिसला नाही. लोक दुरुस्ती बऱ्यापैकी स्वीकारतात. फक्त एका दुरुस्तीने सगळं मन बदलत नाही. कसं बोलायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

१४. जातीधर्मांबद्दलचे ठोकताळे हेही स्कीमाच का? मग ते नैसर्गिक म्हणायचे?

रचना स्कीमाचीच आहे. भाड्याने घर पाहायला गेलेल्याला आडनाव विचारलं जातं आणि ते ऐकताच विचारणाऱ्याच्या डोक्यातल्या सगळ्या रिकाम्या जागा भरून जातात: काय खातात, कसे राहतात, कोणाकडे जातात-येतात. समोरच्याने यातलं काहीही सांगितलेलं नसतं. पण रचना नैसर्गिक आहे म्हणजे त्यात भरलेला मजकूर नैसर्गिक आहे, असं मुळीच नाही. मजकूर समाजाने भरलेला आहे आणि बदलता येतो. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी आपल्यावर लादलेली ओळखच नाकारली, तिथे हे वेगळं सिद्ध करायला नको.

अडचण अशी की साच्याबाहेरचा माणूस भेटला की आपण साचा बदलत नाही, त्या माणसालाच बाजूला काढतो: ‘तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही.’ बोलणाऱ्याला ही स्तुती वाटते. ऐकणाऱ्याला ती लागते, आणि साचा जसाच्या तसा राहतो. रेनी वेबर आणि जेनिफर क्रॉकर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की विसंगत माहिती एक-दोन माणसांतच एकवटली असेल तर लोक त्यांना अपवाद ठरवून मोकळे होतात. तीच माहिती अनेक माणसांत विखुरलेली असेल तर साचा जास्त हलतो. एखाद्या ‘आदर्श’ पाहुण्याला वर्षातून एकदा शाळेत बोलावण्यापेक्षा वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं रोज एका बाकावर बसलेली बरी, ती यासाठी.

१५. बुद्धिबळपटूंची स्मरणशक्तीच दांडगी असते का?

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून पालक हे फार विचारतात. पाठोपाठ ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या क्लासला घालू का’ हेही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना खऱ्या डावातला पट ५ सेकंद दाखवला. निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर मांडली. मग तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली, तर निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. खेळाडूला सुटी मोहरी दिसत नाहीत, ओळखीच्या रचना दिसतात, आणि त्या हजारो डावांतून आलेल्या असतात. स्मरणशक्तीच्या क्लासचे पैसे वाचवा आणि मुलाला खेळू द्या.

१६. मग अनुभव वाढला की चूक कमी, असं समजायचं?

नेहमीच्या प्रश्नांत हो. वेगळ्या प्रश्नांत मात्र तोच अनुभव आड येऊ शकतो. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये लोकांना भांड्यांनी पाणी मोजण्याची कोडी एकाच लांबलचक रीतीने सोडवायला लावली; नंतर अगदी सोपी वाट असलेलं कोडं दिलं तरी बरेच जण जुन्याच रीतीने गेले. २००८ मध्ये मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी चांगल्या बुद्धिबळपटूंबाबत हेच दाखवलं. ओळखीची युक्ती सापडली होती आणि तिच्याहून चांगली चालही पटावर होती. खेळाडू म्हणाले, आम्ही दुसरं शोधतोय. डोळ्यांची हालचाल मोजली तर नजर पहिल्या युक्तीच्याच घरांवर फिरत होती.

१७. नीटच्या तयारीत याचा उपयोग कसा करू?

नवा धडा उघडण्याआधी पुस्तक बंद ठेवून दहा मिनिटं त्या विषयाबद्दल आपल्याला काय वाटतं ते लिहा, चुकीचं असलं तरी. मग वाचा आणि जिथे तुमचं लिहिलेलं मोडलं तिथे थांबा. तेवढाच भाग खरा नवा आहे. डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० मध्ये धड्याआधी मोठी चौकट देण्याचा फायदा मांडला तो याच दिशेचा. बाकी प्रश्न ६.

१८. वय झाल्यावर नवं शिरत नाही म्हणतात. आजोबांना इतवारीतले किराण्याचे भाव तोंडपाठ आणि मोबाईलचे चार आकडे लक्षात राहत नाहीत.

ॲलन कॅस्टेल यांनी २००५ मध्ये नेमके किराण्याचेच भाव घेऊन हे तपासलं. भाव वास्तवाला धरून होते तेव्हा वृद्धांना तरुणांइतकेच आठवले. अवाच्या सवा भाव दिले तेव्हा वृद्ध मागे पडले. आयुष्यभराच्या साच्याला जोडलेली नवी माहिती वय झाल्यावरही शिरते. मोबाईलचे चार आकडे कशालाच जोडलेले नसतात. त्यांना स्वतःच्या आयुष्यातलं एखादं साल निवडू द्या, फक्त जन्मसाल नको. ते कोणीही ओळखेल.

१९. ‘मी कुठेच चालत नाही’ हा विचारही स्कीमा असू शकतो का?

असू शकतो. ॲरन बेक यांनी नैराश्यावरच्या उपचारांत आणि पुढे जेफ्री यंग यांनी स्कीमा थेरपीत हेच धरलं: स्वतःबद्दलचा साचा कौतुक गाळून टाकतो आणि टीका साठवतो. ९२ टक्के मिळाले तर ‘पेपर सोपा होता’, ६० मिळाले तर ‘मी असाच आहे’. हे घरच्या समजावणीने सुटेल असं धरून बसू नका. टेली-मानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

२०. हे सगळं मेंदूत खरंच कुठे दिसतं का, की नुसतं सोयीचं नाव आहे?

शब्द सैल आहे, काहीही घडलं की नंतर ‘स्कीमामुळे’ म्हणता येतं, ही टीका जुनी आहे आणि बरीचशी खरी आहे. त्यामुळे २००७ चं एडिनबरातल्या रिचर्ड मॉरिस यांच्या गटाचं काम मला महत्त्वाचं वाटतं. उंदरांना कित्येक आठवडे शिकवलं की अमुक चवीचं खाणं मैदानात अमुक जागी असतं. ही जुळणी पक्की झाल्यावर त्यांना नव्या चव-जागेच्या जोड्या दिल्या, तर त्या एकाच फेरीत शिकल्या गेल्या. एरवी नव्या आठवणीला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग बराच काळ लागतो. इथे ४८ तासांनी तो निकामी केला तरी उंदरांना नव्या जागा आठवत होत्या. ज्या उंदरांना दर वेळी बदलत्या जागा शिकवल्या होत्या त्यांच्यात जुळणीच तयार झाली नव्हती. माणसात अशा जुळणीशी मेंदूच्या पुढच्या, मधल्या भागाचा संबंध दिसतो. पण ‘दोन दिवसांत पक्कं पाठांतर’ अशा जाहिरातीला हा प्रयोग लावू नका. ते ४८ तास त्या उंदरांचे, त्या मैदानातले, आणि आधीच्या आठवड्यांच्या मेहनतीनंतरचे आहेत.